मराठवाड्याच्या हवेत हाताने गिटार: टॉपचं ब्रेसिंग कधी आणि कसं चिकटवायचं?

दुधनाकाठ, परभणी

हौस म्हणून पहिली स्टील-स्ट्रिंग अकूस्टिक गिटार बांधायला घेतली आहे. आकार ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल), बॉडीची खालची रुंदी ३८० मिमी, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४५ मिमी, १४ व्या फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या पट्टीला) बॉडी सुरू होते. टॉप, म्हणजे बॉडीचा पुढचा पातळ फलक, सिटका स्प्रूसचा, बॅक आणि साइड शिसवीच्या, नेक महोगनीचा. बॉडीचा साचा (मोल्ड) झाला आहे, साइड वाकवायचा पाइपही तयार आहे. टॉपच्या दोन फळ्या अजून सुट्या आणि ४ मिमी जाड आहेत. त्या जोडून ३ मिमीवर आणायच्या आणि एक्स-ब्रेसिंग, म्हणजे टॉपला आतून एक्स आकारात आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या (ब्रेस), चिकटवायचं, इथे काम थांबलं आहे.

अडचण हवेची. श्रावण चालू आहे, हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ७८ टक्के दाखवतो. खोली पत्र्याची, एसी नाही, उन्हाळ्यात कूलर चालतो. सगळीकडे ४५ टक्के आर्द्रतेत ब्रेसिंग चिकटवा असं सांगतात, पण आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी २० आणि पावसाळ्यात ८०. मधला आकडा अंगणात क्वचितच भेटतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आत्ताच चिकटवलं तर नेमकं काय बिघडेल? एसी नसताना ४५ टक्के कसं आणायचं? आणि डिंक कोणता वापरायचा, कारण ही गिटार उन्हाळा इथेच काढणार आहे. पुढच्या गिटारीला सागवान चालेल का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.


मांजरा, लातूर

आत्ता चिकटवू नका. कारण आकड्यांत मांडतो, म्हणजे मनात शंका राहणार नाही.

लाकूड हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे पाणी धरतं. साधारण खोलीच्या तापमानाला ८० टक्के आर्द्रतेत लाकडात वजनाच्या १५ ते १६ टक्के पाणी असतं, ४५ टक्क्यांत साधारण ८ आणि २० टक्क्यांत ४.५ च्या आसपास. क्वार्टर-सॉन स्प्रूस, म्हणजे वाढीच्या रेषा फळीत उभ्या असलेला, पाण्याच्या दर एक टक्क्याला रुंदीत सुमारे ०.१५ टक्के आकसतो. तुमची रुंदी ३८० मिमी. आत्ता चिकटवलेला टॉप मे महिन्यात पूर्ण सुकला तर त्याला सुमारे ६ मिमी आकसायचं असेल. ४५ टक्क्यांत चिकटवलेल्याला फक्त २ मिमी.

पण त्याला आकसू देतं कोण? ब्रेसच्या लाकडाच्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या जातात आणि लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. कडा साइडला चिकटलेल्या. मग सगळा ताण रेषांच्या मधल्या मऊ भागावर येतो आणि तिथे चीर पडते. बहुतेक वेळा ती ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवायचा लाकडी तुकडा) मागे, फ्रेटबोर्डच्या (बोटं दाबायची पट्टी) टोकाच्या कडेने किंवा मधल्या जोडावर दिसते. चीर पडायच्या आधी टॉप खाली बसतो, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली येते आणि तार बझ करायला लागते. फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, ती पहिली सूचना समजा.

आता ४५ टक्के कसं आणायचं. खोली कोरडी करायची गरज नाही, एक पेटी कोरडी केली की झालं. टॉप, बॅक आणि सगळ्या ब्रेस मावतील अशी प्लायची पेटी करा: आतून ६०० × ५०० × ३०० मिमी पुरते, दरवाजाला रबराची पट्टी. दोन मार्ग आहेत.

पहिला बल्बचा. बाहेर २६ अंश आणि ८० टक्के असेल, आणि पेटीतली हवा ३४ अंशांपर्यंत तापवली, तर आतली आर्द्रता आपोआप ५० च्या आसपास येते. ३६ अंशांना ४५. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, गरम हवेची धरायची ताकद वाढते. ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि एक थर्मोस्टॅट एवढ्यावर हे होतं. एलईडी चालणार नाही, त्याची उष्णता पुरत नाही. बल्ब लाकडापासून किमान २०० मिमी लांब आणि मध्ये पत्र्याचा आडोसा हवा, नाहीतर एकाच जागी लाकूड जास्त सुकून फळी वाकते.

दुसरा पोटॅशियम कार्बोनेटचा, आणि मला तोच जास्त पटतो. याचं संपृक्त द्रावण बंद जागेत आर्द्रता ४३ टक्क्यांवर धरून ठेवतं, पावसाळा असो की उन्हाळा. जास्त झाली तर शोषतं, कमी पडली तर सोडतं. पसरट प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ४०० ग्रॅम पावडर आणि साधारण १५० मिली पाणी, भिजलेल्या मिठासारखं दिसलं पाहिजे. तळाला न विरघळलेले खडे कायम दिसायला हवेत. सगळं पाणी झालं की आकडा हलतो, मग आणखी पावडर घाला. हातमोजे घाला, ते अल्कली आहे आणि पाण्यात मिसळताना तापतं. लाकडावर थेंब पडला तर डाग राहतो, म्हणून ट्रेवर जाळी ठेवा. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा आत फिरवत ठेवला तर पेटीभर आर्द्रता सारखी राहते.

हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको. स्वस्तातला डिजिटल सहज ५-७ टक्के चुकतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओलं होईल इतकंच पाणी घाला, हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात ठेवा. आठ-दहा तासांनी आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पुढे नेहमी ५ मिळवून वाचा.

लाकूड तयार झालं की नाही हे वजनावरून कळतं. ५२० × ४०० मिमीच्या आणि ३ मिमी जाडीच्या स्प्रूसचं वजन साधारण २६० ग्रॅम भरतं, त्यात पाण्याचा एक टक्का म्हणजे अडीच ग्रॅम. एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज वजन लिहून ठेवा. सलग चार दिवस आकडा हलला नाही की टॉप पेटीच्या हवेशी जुळला. फळ्यांमध्ये २० मिमीच्या पट्ट्या ठेवायला विसरू नका, एकावर एक रचल्या तर मधली सुकतच नाही.


बिंदुसरा, बीड

मांजरा यांनी मुळातलं सांगितलं. मी चिकटवण्याच्या कामाबद्दल लिहितो, कारण पेटीतून काढल्यावर घाई होते आणि तिथे गडबड होते.

३ मिमीचा टॉप ७८ टक्क्यांच्या हवेत तासाभरात पाणी ओढायला लागतो. म्हणून टॉप बाहेर काढायच्या आधी सगळं मांडून ठेवायचं: ब्रेस घासून बसवलेल्या, पेन्सिलने जागा आखलेल्या, डिंक तयार, दाब द्यायच्या काड्या हाताशी. पाऊण तासात काम आटोपून टॉप पुन्हा पेटीत गेला पाहिजे. पावसाळ्यातच करायचं असेल तर एसीची एखादी खोली दोन-चार तासांसाठी मिळवा. ड्राय मोडवर ५० पर्यंत सहज येतं. नाहीतर दिवाळी होईपर्यंत थांबा. कार्तिक ते माघ आपल्याकडे हवा या कामाला सगळ्यात अनुकूल असते.

जोड आधी. दोन्ही कडा शूटिंग बोर्डवर (कड सरळ रंधायचा पाट) लांब रंध्याने मारा, मग उभ्या एकमेकींना लावून खिडकीसमोर धरा. कुठेही उजेड दिसला नाही पाहिजे. पॉलिश पेपरने कडा सारखी करायला जाऊ नका, टोकं गोल होतात.

ब्रेससाठी स्प्रूसच घ्या. लाकूड करवतीने कापण्याआधी पटाशीने फोडून बघा. फाट जिकडे जाते तिकडे रेषा जाते, आणि ब्रेस त्या रेषेनेच काढायची. रेषा तिरकी निघाली तर तीच ब्रेस पुढे तारांच्या ताणाखाली उकलते. एक्सच्या दोन्ही ब्रेस ८ मिमी रुंद, कोरण्याआधी १६ मिमी उंच. क्रॉसिंगला अर्ध्यात अर्धी खाच, आणि खाच इतकीच घट्ट की हाताने दाबून बसावी. क्रॉसिंग साउंडहोलच्या (टॉपमधलं गोल भोक) कडेपासून ४० मिमीवर ठेवलं तर पहिल्या गिटारीला सुरक्षित. चिकटवल्यावर क्रॉसिंगला उंची १४ मिमी ठेवा आणि बाकी हळूहळू कोरत न्या. १२-५३ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा एकूण ७० किलोच्या वर ताण देतात, हे कोरताना ध्यानात असू द्या.

टॉपला ७.६ मीटर त्रिज्येचा हलका घुमट देतात, बॅकला ४.५ मीटरचा. ६०० मिमी व्यासाच्या एमडीएफच्या थाळीत टॉपसाठी मध्ये ५.९ मिमी खोली लागते, बॅकसाठी १० मिमी. थाळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यातच ब्रेसचा तळ घासला की तो नेमका बसतो. घुमट दिसण्यासाठी नाही. लाकूड आकसलं तर घुमट आधी थोडा सपाट होतो आणि चिरेपर्यंत पोचायला वेळ लागतो. अगदी सपाट टॉपला ती सवलतच नाही. आपल्या हवेत घुमट टाळू नका.

दाब द्यायला महागडे क्लॅम्प लागत नाहीत. वर-खाली दोन प्लायवूडचे पाट, मध्ये ६०० मिमी अंतर, आणि ६३० मिमीच्या बांबूच्या कामट्या वाकवून अडकवायच्या. बुरुडाकडून पक्क्या, सुकलेल्या बांबूच्या एकसारख्या जाडीच्या कामट्या काढून घ्या. एक कामटी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर दाबून बघा, साधारण ४-५ किलो दाब देणारी चांगली. प्रत्येक ७०-८० मिमीला एक. ओला बांबू दोन दिवसांत वाकलेलाच राहतो आणि दाब जातो.

डिंक. फर्निचरला वापरतात तो पांढरा पीव्हीए ब्रेसला आणि ब्रिजला नको. सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो, गरमीत तर जास्तच, आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीचं तापमान सगळ्यांना माहीत आहे. लाकूडकामाचा पिवळा अ‍ॅलिफॅटिक डिंक, पाण्याने न सुटणारे त्याचे प्रकार सोडून मूळचा साधा, ब्रेसला चालतो. पण ६५ अंशांच्या पुढे तोही मऊ पडतो. उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं.

सगळ्यात चांगला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक. जुने सुतार वापरायचे तोच, फक्त वाद्याच्या कामाचा स्वच्छ दाणेदार घ्या. १०० ग्रॅम दाण्यांना १८० मिली थंड पाणी, तासभर भिजत ठेवा, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० ते ६२ अंशांना वितळवा. ६५ च्या वर गेला की ताकद घटते आणि उकळला तर टाकून द्या. सुकल्यावर तो काचेसारखा कडक होतो, ताणाखाली सरकत नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी उष्णता आणि ओलाव्याने सुटतो. मुख्य तक्रार अशी की थंडीत मिनिटभरात गोठतो. त्यासाठी थंडीत दोन्ही लाकडं हेअर ड्रायरने ४० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. उन्हाळ्यात तो आपल्या बाजूने असतो, ३८-४० अंशांच्या खोलीत कामाला पुरेसा वेळ मिळतो. तयार सरस दमट हवेत दोन दिवसांत आंबतो, उरलेला फ्रिजमध्ये.


खाम, छत्रपती संभाजीनगर

एका मुद्द्यावर माझं वेगळं मत. आपल्याकडे ४५ ऐवजी ३८ ते ४० टक्क्यांत बांधावं. लाकूड फुगलं तर पावसाळ्यानंतर परत येतं, चीर मात्र परत येत नाही. म्हणून कोरड्या बाजूला झुकलेलं बरं.


मांजरा, लातूर

@खाम, तत्त्व बरोबर आहे, पण हिशेब करून बघा. ४० टक्क्यांत बांधलं तर मे महिन्यात आकसायचं राहतं सुमारे १.६ मिमी, ४५ मध्ये २ मिमी. वाचलं जेमतेम अर्धा मिमी. उलट पावसाळ्यात ८० टक्क्यांना ४० वाला टॉप ४.६ मिमी फुगायला बघतो, ४५ वाला ४.३. आपल्या भागात फुगायचे महिने चार, सुकायचे तीन. फुगून वर आलेल्या टॉपवर ॲक्शन चढते, ब्रिजची मागची कड उचलायला लागते, आणि तिथे डिंक एकदा सुटला की तेही परत येत नाही. पोटॅशियम कार्बोनेटचा ४३ हा आकडा त्यामुळे मला अगदी मधला वाटतो. ३८ च्या खाली तर मुळीच जाऊ नये.


खाम, छत्रपती संभाजीनगर

अर्धा मिमी कमी नाही, चीर त्याच अर्ध्यात पडते. पण ब्रिजची कड उचलण्याचा मुद्दा मान्य. ४० ते ४३ वर भेटू.

बॅकबद्दल मात्र दोन्हीकडून एकच सल्ला: टॉप आणि बॅक एकाच पेटीतून, एकाच आठवड्यात चिकटवा. टॉप ४३ मध्ये आणि बॅक मोकळ्या हवेत ७० मध्ये, असं झालं तर सगळी बॉडी पिळवटते आणि नेकचा कोन बिघडतो.


पैनगंगा, किनवट

सागवानाचं विचारलं होतं. बॅक-साइडला सागवान उत्तम चालतं, आणि आपल्या हवेला तर शिसवीइतकंच योग्य. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत क्वार्टर दिशेत (रेषा फळीत उभ्या असताना रुंदीत) स्प्रूस साधारण ४.३ टक्के आकसतो, शिसव २.७, सागवान २.६. म्हणजे हलण्याचा स्वभाव कमी. आवाज शिसवीपेक्षा थोडा कोरडा, उंच सूर कमी चमकतात, पण मधले सूर भरीव येतात. माझ्या दृष्टीने तो तोटा नाही.

सांभाळायच्या गोष्टी दोन. सागवानात तेल असतं, म्हणून रंधा मारल्याबरोबर, किंवा अ‍ॅसिटोनने पुसून लगेच, डिंक लावा. सकाळी रंधा मारून संध्याकाळी चिकटवला तर तेल पुन्हा वर येतं आणि जोड सुटतो. दुसरं, त्यात सिलिका असते, रंध्याचं पातं भराभर बोथट होतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी धार लावायची तयारी ठेवा.

सागवान नवीनच हवं असं नाही. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या दुकानात मिळतात. वर्षानुवर्षं उन्हापावसात मुरलेलं लाकूड आतून शांत असतं. घेताना टोकाकडची वाढीची रेषा बघा. फळी कुठल्या बाजूने चिरली तर रेषा उभ्या येतील हे दुकानातच ठरवा. खिळे शोधायला चुंबक फिरवा, एक खिळा करवतीचं पातं घालवतो. जाडी बॅकला २.५ मिमी, साइडला २ मिमी.

साइड वाकवायच्या पाइपबद्दल एक. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असेल आणि आत गॅसचा जाळ लावणार असाल, तर नको. त्याचा धूर घातक. साधा काळा लोखंडी किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. तापमान १५० ते १६० अंश. पाण्याचा थेंब टाकला की नाचत पळाला पाहिजे. शिसव सहज वाकते. साइड फक्त ओलसर पुसून घ्या, भिजवत ठेवू नका, भिजवलेली सुकताना लाटा धरते. कंबरेपासून सुरुवात करा.

फ्रेटबोर्ड आणि ब्रिजला बाहेरून आबनूस मागवायची गरज नाही, चांगली सुकलेली शिसव पुरते. टेंभुर्णीचा काळा गाभा आबनुसाच्याच कुळातला आहे, पण ४६० × ६० मिमीचा सलग तुकडा मिळणं कठीण. जंगलातून काही काढू नका, परवानाधारक वखारीतून पावती घेऊनच. शिसव सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, पण कच्च्या लाकडाला नाही. पावती जपून ठेवा.


दुधनाकाठ, परभणी

सगळ्यांचे आभार. पोटॅशियम कार्बोनेटची पेटी करतो आणि ब्रेसिंग दिवाळीनंतरच. दोन शंका राहिल्या. गिटार झाल्यावर उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवणं चांगलं की वाईट? पॉलिश पावसाळ्यात चालेल का?


बिंदुसरा, बीड

कूलरच्या हवेत आर्द्रता ६०-७० पर्यंत जाते. लाईट गेली की तासा-दोन तासांत पुन्हा २०-२५. रोजची ही चढउतार सलग कोरड्यापेक्षा जास्त त्रास देते. त्यामुळे गिटार मोकळी भिंतीवर नको, हार्ड केसमध्येच. साबणाच्या दोन प्लास्टिकच्या डब्यांना बारीक भोकं पाडा, आत पिळून घेतलेला स्पंज ठेवा. एक डबी हेडस्टॉकजवळ (नेकचं खुंट्यांचं टोक), एक बॉडीच्या कमरेजवळ केसच्या खोबणीत. पाणी आरओचं, आणि स्पंज टपकता कामा नये. मार्च ते जून दर दोन-तीन दिवसांनी ओला करा, मृगाचा पाऊस पडला की काढून टाका. केसमध्ये एक छोटा हायग्रोमीटर कायम. जुन्या माळवदाची खोली असेल तर तिथे ठेवा. मातीच्या जाड भिंती आणि छत दिवसभराची चढउतार बरीच खातात, पत्र्याच्या खोलीशी तुलनाच नाही.

चपडी लाखेचं पॉलिश पावसाळ्यात नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि पांढरी झाक येते. ६० टक्क्यांच्या खाली करा. सुरुवातीला लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम लाख, पातळ हात जास्त द्या. ब्रिजची जागा आधीच टेपने झाकून ठेवा, तिथे लाख गेली तर डिंक लाकडाला लागतच नाही.


मांजरा, लातूर

ब्रिजचा विषय निघालाच आहे तर: ब्रिजचा तळ त्याच ७.६ मीटरच्या थाळीत घासा. सपाट ब्रिज क्लॅम्पने दाबून बसवला तर तो आयुष्यभर सुटायच्या प्रयत्नात राहतो. सरसाने चिकटवून २४ तास क्लॅम्प, आणि तारा तीन दिवसांनी.

सॅडलची (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) जागा आखताना ६४५ वर थेट ठेवू नका. दाबल्यावर तार ताणली जाऊन सूर चढतो, म्हणून पहिल्या तारेला सुमारे २ मिमी आणि सहाव्याला ४.५ मिमी मागे घ्या. ॲक्शन १२ व्या फ्रेटला सहाव्या तारेखाली २.४ मिमी, पहिलीखाली १.८. आणि सॅडल दोन करून ठेवा, एक पावसाळ्याची आणि अर्धा मिमी उंच अशी एक उन्हाळ्याची. तारा बदलताना सॅडलही बदलायची.